जनावरांच्या बाजारात दात, वेत आणि गाभणपण: पैसे देण्याआधी काय आणि कसं तपासावं

बाजारात गाय किंवा म्हैस विकायला उभी असते तेव्हा तिच्याबद्दल तीन गोष्टी सांगितल्या जातात: दात किती, वेत कितवं (म्हणजे कितव्यांदा व्यायली), आणि गाभण असेल तर कितव्या महिन्यात. भाव याच तिन्हींवर ठरतो. सांगोला असो, चाकण असो, घोडेगाव असो की काष्टी, या गोष्टी विकणारा किंवा त्याचा हेडी, म्हणजे दलाल, तोंडी सांगतो आणि त्या खऱ्या आहेत का हे पाहणं घेणाऱ्यावर येतं. बाजार समिती पावती करते, पण तुमच्यासाठी जनावराचं तोंड उघडून कोणी पाहत नाही.

या तीन गोष्टी सुट्या सुट्या तपासू नका. दात, वेत आणि महिने यांचा हिशेब एकमेकांशी जुळला पाहिजे. एक गोष्ट खोटी सांगणं सोपं असतं. तिन्ही खोट्या सांगून त्यांचा मेळ बसवणं फार थोड्यांना जमतं.

दात पाहायची रीत

गाईम्हशीच्या वरच्या जबड्याला पुढे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. वय पाहायचं ते खालच्या आठ दातांवरून. हे आठ म्हणजे चार जोड्या, आणि मोजायच्या मधून बाहेर. दुधाचे दात आधीच असतात, ते जोडीजोडीनं पडतात आणि त्या जागी पक्के येतात. म्हणून 'चार दाती' याचा अर्थ तोंडात चारच दात आहेत असा नाही. आठांपैकी मधले चार पक्के आणि कडेचे चार अजून दुधाचे, असा त्याचा अर्थ. नवखा माणूस नेमका इथे गोंधळतो.

जनावर खुंट्याला आखूड बांधायला सांगा आणि कासरा मालकाच्याच हातात ठेवा. समोर उभं राहू नका, शिंगाचा फटका बसतो. मानेला लागून, जनावराच्या डाव्या अंगाला उभे राहा. उजवा हात तोंडावरून पलीकडे नेऊन वेसण किंवा नाकपुडी धरा आणि तोंड थोडं वर उचला. डाव्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ खाली दाबा. दात दिसायला एवढं पुरतं. तोंड जास्त उघडायचंच असेल तर पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून, म्हणजे ओठाच्या कोपऱ्यातून, बोटं आत घाला. त्याच्या मागे बोट सरकवू नका, दाढांत सापडलं तर ठेचून निघतं. दातांवर चाऱ्याचा हिरवा-काळा थर असतो, तो फडक्यानं पुसून मगच मोजा. पहाटेच्या अंधारात मोबाईलच्या उजेडात पाहिलेले दात नंतर दिवसाच्या उजेडात वेगळे निघतात, म्हणून सौदा पक्का करण्याआधी एकदा उन्हात पाहा.

दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र आणि हिरडीपाशी निमुळता असतो, शेजारच्या दाताशी त्याची फट दिसते. पक्का दात रुंद, किंचित पिवळसर आणि पटाशीसारखा. मधे दोन पक्के आणि बाजूला दुधाचे असले की फरक एका नजरेत कळतो, कारण पक्का दात दुधाच्या दातापेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद असतो.

बैलांच्या व्यवहारात दुधाच्या दातांच्या जनावराला आदत म्हणतात, दोन दातांना दुसा आणि चार दातांना चौसा. गाईम्हशींच्या बाबतीत दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि आठही आल्यावर जुळलेली असं म्हणतात.

आता वय. संकरित गाईत, म्हणजे होल्स्टिन किंवा जर्सीच्या रक्ताच्या गाईत, पहिली जोडी साधारण दीड ते दोन वर्षांत येते, दुसरी दोन ते अडीचमध्ये, तिसरी तीनच्या आसपास, आणि चौथी साडेतीन ते चारमध्ये. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी अशा देशी जनावरांत हे सगळं सहा महिने ते वर्षभर उशिरा होतं: दोन दात दोन ते अडीच वर्षांत, आणि जुळायला साडेचार ते पाच वर्षं. म्हैस आणखी मागे. तिची पहिली जोडी अडीच ते तीन वर्षांत, दुसरी साडेतीनच्या सुमारास, तिसरी साडेचारला आणि चौथी पाच-साडेपाचला. त्यामुळे 'चार दाती' हे उत्तर संकरित गाईत अडीच वर्षांचं आणि म्हशीत साडेतीन-चार वर्षांचं असतं. दातांवरून वर्षं काढताना आधी जात पाहा.

चाऱ्याचाही फरक पडतो. वासरपणी पोटभर दूध आणि खुराक मिळालेलं जनावर लवकर दातात येतं, उपाशी वाढलेलं उशिरा. चार-सहा महिन्यांचा फरक दातांवर सहज पडतो, त्यावर वाद घालू नका.

जुळल्यानंतरचं वय

आठही दात आले की मोजणी संपते, पुढे झीज पाहायची. बाजारात खरा पैसा याच टप्प्यात बुडतो, कारण पाच वर्षांची आणि दहा वर्षांची, दोघीही 'जुळलेली' म्हणूनच विकल्या जातात.

नुकत्या जुळलेल्या जनावराचे दात एकाला एक चिकटून, कमानीत बसलेले असतात. वरची कड धारदार, आतला भाग पळीसारखा खोलगट. सहा-सात वर्षांत मधल्या जोडीची धार जाते आणि वर सपाट पट्टी तयार होते. सात-आठमध्ये दुसरी जोडी सपाट होते, आठ-नऊमध्ये तिसरी, नऊ-दहामध्ये कडेची. सपाट झालेल्या पृष्ठभागावर तांबूस-काळसर डाग दिसतो. आधी तो आडव्या रेघेसारखा असतो, पुढे चौकोनी आणि मग गोल होत जातो. दहाच्या पुढे दात अरुंद होतात, मधे फटी पडतात, हिरडी खाली सरकून दाताची पिवळी मान उघडी पडते. बारा-चौदाच्या जनावराच्या तोंडात खुंट उरतात.

झीज ही चाऱ्याची गोष्ट आहे, हे मात्र धरून चाला. माळरानावर, मुरमाड जमिनीत खाली मान घालून आखूड गवत ओढणाऱ्या गाईचे दात आठव्या वर्षीच दहाचे दिसतात. गोठ्यात कुट्टी आणि हिरव्या चाऱ्यावर असलेल्या गाईचे दहाव्या वर्षी आठचे. जनावर कुठून आलं हे विचारून एक-दोन वर्षं इकडेतिकडे करा.

दात हाताला किंचित हलला म्हणजे म्हातारपण आलं असं नाही. वरच्या कडक हिरडीला इजा होऊ नये म्हणून गाईचे पुढचे दात मुळातच थोडे हलते असतात. आणि तोंडात दात कमी दिसले तरी घाई करू नका. कडेची दुधाची जोडी पडून पक्की यायची असेल तर तिथे रिकामी हिरडी दिसते, पण नीट पाहिलं तर हिरडीत नव्या दाताचं पांढरं टोक असतं आणि मधले सहा दात टणक, धारदार असतात. म्हातारीच्या तोंडात उरलेले दातही लांबट, पिवळे आणि विरळ असतात. पहिलं जनावर चार वर्षांचं असतं, दुसरं बारा वर्षांचं.

शिंगाच्या वळ्या

शिंगाच्या बुडाशी आडवी वळी उठतात. गाईत प्रत्येक वेताला एक वळ पडतो असं धरतात, आणि वळ्या मोजून त्यात दोन मिळवले की वय निघतं असा जुना हिशेब आहे. गाभणपणात आणि दूध देताना शरीराची ओढ शिंगाच्या वाढीवर उमटते, हे त्यामागचं कारण. पण दुष्काळ, मोठा आजार यांचाही वळ उठतो. म्हणून वळ्या पुरावा म्हणून घेऊ नका, दातांचा मेळ घालायला घ्या.

शिंग घासून, साळून वळ्या काढून टाकता येतात, आणि बाजारात हे नेहमी होतं. वर तेल किंवा रंग लावला की शिंग चकचकीत, तरुण दिसतं. पोळ्याला शिंगं रंगवणं ही हौस आहे. बाजाराच्या दिवशी ताजा रंग दिसला तर नखानं बुडाशी खरवडून पाहा. घासलेल्या शिंगाचं बूड टोकापेक्षा जास्त गुळगुळीत लागतं, आणि नैसर्गिक शिंगात हे उलट असतं. शिंग जाळलेल्या संकरित गाईत हा प्रश्नच नाही.

वेत आणि दात यांचा मेळ

बाजारातली खोटी गोष्ट सगळ्यात लवकर इथे सापडते.

चांगली सांभाळलेली संकरित कालवड अडीच-तीन वर्षांत पहिल्यांदा विते. त्या वेळी तिला चार दात असतात, तीनच्या जवळ गेली असेल तर सहा. दोन वेतांमधलं अंतर उत्तम सांभाळात तेरा-चौदा महिने, सर्वसाधारण गोठ्यात त्याहून जास्त. म्हणजे दुसऱ्या वेताला ती साडेतीन-चार वर्षांची, सहा दाती किंवा जुळलेली. तिसऱ्या वेताला पाचच्या आसपास, हमखास जुळलेली. आता कोणी 'चार दाती, दुसऱ्या वेताची' म्हणाला तर दात पुन्हा मोजा. 'चार दाती, तिसऱ्या वेताची' तर होऊच शकत नाही. 'जुळलेली, पहिलारू' (पहिल्या वेताची) म्हणाला तर दोनच शक्यता: एक तर ती उशिरा फळली, म्हणजे माजाची काहीतरी अडचण असणार, नाहीतर ती पहिलारू नाही.

म्हशीत पहिलं वेत साडेतीन ते चार वर्षांत येतं, कधी त्याहून उशिरा. पहिलारू म्हैस चार किंवा सहा दाती असायला हवी. पंढरपुरी म्हैस लवकर वयात येते, जाफराबादी उशिरा.

वेत तपासायचा आणखी एक मार्ग कासेतून जातो. पहिलारूचे सड आखूड आणि एकसारखे असतात, कातडी घट्ट. तीन-चार वेतं झालेल्या गाईचे सड लांब आणि जाड झालेले असतात, कास खाली लोंबते, आणि कासेपासून पुढे पोटाच्या खालच्या बाजूनं दुधाची शीर नागमोडी फुगलेली दिसते. 'पहिलारू' म्हणून सांगितलेल्या गाईची दुधाची शीर बोटाएवढी जाड असेल तर पुन्हा दातांकडे जा.

गाभण म्हणजे किती महिन्यांची

गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, हा घराघरातला हिशेब शास्त्राच्याही जवळ आहे. गाईचा गर्भकाळ साधारण २८० ते २८५ दिवस, म्हशीचा ३१० दिवसांच्या आसपास. १० जानेवारीला भरवलेली (वळू दाखवलेली किंवा रेतन केलेली) गाय १७ ते २२ ऑक्टोबरच्या सुमारास वितेल, म्हैस नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. विकणारा महिने सांगतो तेव्हा त्याला तारीख विचारा. तारीख सांगता आली नाही तर निदान कृत्रिम रेतनाची नोंद मागा, म्हणजे महिन्यांचा दावा कागदाशी ताडून पाहता येतो.

गाभणपण बाहेरून ओळखायचं तर महिना जसा वाढतो तशी खूण बदलते. पहिल्या चार महिन्यांत बाहेरून काहीही कळत नाही. कोणी पाठीवर हात फिरवून 'दोन महिन्यांची आहे' म्हणत असेल तर तो अंदाज आहे. माज उलटला नाही, म्हणजे २१ दिवसांनी गाय पुन्हा माजावर आली नाही, ही एकच खूण त्या काळात हाती असते. तीही विकणाऱ्याच्या शब्दावर, आणि म्हशीत तर मुका माज असतो, तो रात्री येऊन जातो आणि मालकालाही कळत नाही.

कालवडीत आणि पारडीत पाचव्या महिन्याच्या सुमारास कास आकार घेऊ लागते. याच काळात सडातून मधासारखा घट्ट, चिकट थेंब येतो. रिकाम्या कालवडीत जे येतं ते पातळ पाण्यासारखं. ही खूण खरी आहे, पण सड पिळून ती पाहू नका. सडाच्या तोंडाशी बसलेली नैसर्गिक बूच त्यामुळे निघते आणि कासदाहाला वाट मिळते. विकणाऱ्यानं तुमच्यादेखत थेंब काढून दाखवला तर त्या सडाला वितेपर्यंत जपावं लागेल.

सहाव्या-सातव्या महिन्यापासून उजव्या कुशीतून वासरू हाताला लागतं. डाव्या बाजूला पोटाचा मोठा कप्पा, म्हणजे चाऱ्याची पिशवी असते, म्हणून पाहायचं ते उजवीकडेच. जनावराच्या उजव्या अंगाला, मागच्या पायाच्या पुढे, शेपटीकडे तोंड करून उभे राहा. मूठ करून गुडघ्याच्या वरच्या पातळीला, पोटाच्या खालच्या भागात आत दाबा आणि हात न काढता ढिला करा. आतून काहीतरी टणक येऊन हाताला टेकतं आणि परत जातं. दोन-तीनदा करा. टेकणं एकदाच जाणवलं तर ते आतडंही असू शकतं. सकाळी, चारा खायच्या आधी हे जास्त चांगलं कळतं. गार पाणी पाजल्यावर पोटात हालचाल होते ती त्याच कुशीत डोळ्यांनी दिसते. म्हशीचं पोट खोल आणि कातडी जाड असल्यानं तिच्यात ही परीक्षा सातव्या महिन्याआधी भरवशाची नाही.

शेवटच्या महिन्यात शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सुजून ढिली होते, कास भरते आणि सड ताठ होतात. इतक्या जवळ आलेलं जनावर बाजारातून घेऊन दूरच्या गावी नेणं टाळा. गाडीत उभ्या उभ्या धक्के बसून ते वाटेत वितं किंवा गाभडतं, म्हणजे गाभ टाकतं.

पोट मोठं म्हणजे गाभण नव्हे. आदल्या रात्री मीठ घातलेलं आंबोण खायला घालायचं आणि सकाळी भरपूर पाणी पाजायचं, की रिकाम्या गाईचंही पोट गोल होतं. असं फुगलेलं पोट डावीकडे जास्त दिसतं. मागून उभं राहून दोन्ही बाजू एकदम पाहा. गाभण गाईचं पोट खाली आणि उजवीकडे झुकतं, नुसतं खाल्लेलं पोट डाव्या भकाळीत (फासळ्यांमागच्या खळग्यात) वर फुगतं.

दूध आणि महिने यांचाही मेळ घाला. गाय वितण्याआधी साठ दिवस आटवायची, म्हणजे तिची धार बंद करायची असते, तरच पुढच्या वेताला कास पुन्हा भरून येते. 'आठ महिन्यांची गाभण आणि अजून दहा लिटर देते' असं कोणी अभिमानानं सांगत असेल तर एक तर महिने खोटे आहेत किंवा दूध खोटं. दोन्ही खरी असतील तरीही पुढच्या वेताचं दूध तुम्ही गमावणार.

म्हशींचा हंगाम ध्यानात ठेवा. आपल्याकडे म्हशी बऱ्याचशा पावसाळा संपताना आणि हिवाळ्यात माजावर येतात, आणि पुढच्या पावसाळ्यापासून वितात. भर उन्हाळ्यात वितणारी म्हैस असतेच, पण ती सांगितली गेली तर तपासणी आणखी बारकाईनं करा.

डॉक्टरांची तपासणी

चौथ्या महिन्याच्या आत खात्री हवी असेल तर पशुवैद्यकाला पर्याय नाही. गुदमार्गातून हात घालून गर्भाशय चाचपणं हे त्याचंच काम. इतर कोणाला ते करू देऊ नका. आतड्याची भिंत फाटली तर जनावर दगावतं, आणि कोवळा गर्भ दाबला गेला तर तपासणीमुळेच गाभ पडतो. हातानं तपासून साठ दिवसांपासून पुढे भरवशाचं उत्तर मिळतं, कसबी हाताला त्याआधीही कळतं. सोनोग्राफीनं साधारण तिसाव्या दिवसापासून. रक्ताची किंवा दुधाची चाचणीही अठ्ठावीस दिवसांपासून करता येते, पण तिचा निकाल बाजारात उभ्या उभ्या कामाचा नसतो.

डॉक्टरांना नुसतं 'गाभण आहे का' विचारू नका, 'कशावरून' हेही विचारा. गर्भाशयात पू साठला असेल, किंवा आत वासरू मरून वाळलं असेल, तर गर्भाशय हाताला मोठंच लागतं आणि गाय माजावरही येत नाही. चांगला डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाही. दुसऱ्या महिन्यात तो गर्भाची पातळ पिशवी बोटांमधून निसटते का पाहतो, तिसऱ्यापासून वारेच्या, म्हणजे जाराच्या, गाठी चाचपतो, चौथ्यापासून गर्भाशयाच्या धमनीचा थरथराट बोटाला लागतो का पाहतो. यापैकी काय सापडलं ते सांगितलं की उत्तर पक्कं. पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भाशय पोटात खोल उतरतं आणि वासरू हाताला लागत नाही. तेव्हा 'वासरू लागलं नाही' याचा अर्थ रिकामी असा नाही, म्हणून त्या काळात गाठी आणि थरथराट यांवरच भर असतो.

साठ दिवसांच्या आतल्या गाभणपणाला बाजारात किंमत देऊ नका, हा आमचा ठाम सल्ला आहे. त्या काळात गर्भ तसाही गळून जाऊ शकतो, आणि प्रवास, नवा चारा, नवं पाणी यांनी धोका वाढतो. दीड महिन्याची गाभण गाय रिकामी धरून भाव करा. फळली तर फायदा तुमचा.

गाभण म्हणून विकलेली गाय याआधी गाभडलेली आहे का, हे विचारायला संकोचू नका. शेवटच्या तीन महिन्यांत गाभडणं हे ब्रुसेला या संसर्गजन्य आजाराचं लक्षण असू शकतं. हा आजार माणसालाही होतो, म्हणून अशा गाईची वार किंवा गाभडलेलं वासरू उघड्या हातानं हाताळू नका. शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत ती दावणीला मिसळू नका.

कानातला टॅग

पिवळा, बारा आकडी टॅग ही सरकारी खूण. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून टॅग नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही असा नियम आहे. भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन प्रणालीत त्या आकड्यावर जनावराची जात, वय, लसीकरण, रेतन, गर्भतपासणी आणि वेताची नोंद असू शकते. 'असू शकते' म्हणायचं कारण, नोंद ज्यानं केली त्यानं पूर्ण केली असेल तरच ती सापडते. वयही बहुतेक वेळा मालकानं सांगितलेलंच लिहिलेलं असतं, तेव्हा टॅगवरचं वय दातांशी ताडून पाहा. रेतनाची तारीख मात्र नोंदलेली सापडली तर ती सोन्यासारखी. बाराही आकडे स्वतः वाचा. कानाला ताजं भोक, जुन्या टॅगची फाटलेली खूण किंवा नोंदीतली जात समोरच्या जनावराशी न जुळणं, यापैकी काही दिसलं तर सौदा थांबवा.

अनेक जनावरं घेत असाल तर खुणा करा

अमेरिकेत जनावरांच्या लिलावघरांमध्ये दात आणि महिने तपासायचं काम लिलावघराचाच पशुवैद्यक करतो. लिलावाआधी गाई एकेक करून लोखंडी शिकंज्यातून जातात, तो तोंड पाहून वय आणि आत हात घालून महिने सांगतो, आणि ते आकडे पुठ्ठ्यावर, म्हणजे कमरेमागच्या मांसल भागावर, किंवा मागच्या फऱ्यावर रंगानं किंवा चिकटपट्टीनं उमटवले जातात. मग रिंगणात बोली लावणाऱ्याला लांबूनच कळतं. खुणांची पद्धत प्रत्येक लिलावघराची वेगळी असते, म्हणून तिथले जुने खरेदीदारही आधी तिथली पाटी वाचतात. तिकडच्या गाईच्या उजव्या कानात कधी ब्रुसेला लसीकरणाचं गोंदण असतं: आधी आर हे अक्षर, मग व्ही लिहिलेली ढाल, आणि लसीकरणाच्या वर्षाचा शेवटचा आकडा. आकडा ४ असेल तर लस २०२४ मधली की २०१४ मधली, हे पुन्हा दातच सांगतात.

आपल्याकडे अशी सोय नाही, पण डेअरीसाठी एका बाजारातून पाच-दहा जनावरं घेणाऱ्यानं स्वतःपुरती ती करून घ्यावी. जनावरांवर खूण करायचा मेणाचा खडू मिळतो. काळ्या म्हशीला आणि काळ्यापांढऱ्या गाईला लाल किंवा पिवळा चांगला उठतो. ओल्या किंवा मातीनं भरलेल्या अंगावर तो धरत नाही, म्हणून आधी जागा पुसा. डाव्या पुठ्ठ्यावर दात लिहा: २, ४, ६, ८, आणि जुळून झिजलेल्या जनावराला ८ च्या खाली आडवी रेघ. उजव्या पुठ्ठ्यावर महिने लिहा, रिकामीला शून्य, साठ दिवसांच्या आतलीला प्रश्नचिन्ह. पुठ्ठाच का, तर दावणीला रांगेत बांधल्यावर आणि टेम्पोत चढवताना जनावर मागूनच दिसतं. लिहिल्याबरोबर टॅग आणि खूण दोन्ही येतील असा एक फोटो काढा. खडू दोन-चार दिवसांत पुसट होतो, फोटो राहतो. दलालानं संध्याकाळी दावणीत जनावर बदललं तर हाच फोटो उपयोगी पडतो.

सौदा करताना

रुमालाखाली बोटं धरून ठरलेल्या भावात फक्त रक्कम ठरते. बाकीची बोली तोंडानं, दोन माणसांदेखत करा: चारी सड चालू, खोड नाही, इतके दात, इतक्या महिन्यांची गाभण. विसार (आगाऊ रक्कम) देण्याआधी पावतीवर टॅगचे बारा आकडे, दात, वेत आणि महिने लिहून घ्या. 'गाभण' एवढाच शब्द लिहिलेली पावती पुढे काही कामाची नाही, कारण एक महिनाही गाभण आणि आठ महिनेही गाभणच. विकणारा महिने लिहायला तयार नसेल तर भाव रिकामीचा करा.

दुधावर असलेली गाय घेत असाल तर कास तुंबवलेली आहे का पाहा. आदल्या संध्याकाळची धार काढली नाही की सकाळी कास टम्म दिसते, सडांतून दूध गळतं आणि गाय मागचे पाय फाकवून उभी राहते. तुमच्यासमोर पूर्ण धार काढायला लावा आणि शक्य असेल तर संध्याकाळपर्यंत थांबून दुसरी धारही पाहा. सोबतचं वासरू तिचंच आहे का, तेही पाहा. सोडल्यावर ती त्याला हुंगून चाटते आणि पान्हा सोडते. दुसऱ्याचं वासरू लावलं असेल तर ती लाथा मारते किंवा मालक वासराला तिच्याजवळ जाऊच देत नाही.

घरी आणल्यावर नवं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा. टॅगच्या नोंदीत मालकाचं नाव बदलून घ्या, विम्याला आणि पुढच्या विक्रीला ते लागतं. ज्या जनावराचे महिने तीनपेक्षा कमी सांगितले होते त्याची गर्भतपासणी या तीन आठवड्यांनंतर आपल्या डॉक्टरांकडून पुन्हा करून घ्या आणि वितायची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा. गाईसाठी त्या तारखेच्या साठ दिवस आधीची आटवायची तारीखही शेजारीच लिहा.